सरोवरविहाराची दरखास्त

ज्या नगरात नळास पाणी काही दिवसांआड येते आणि ते आल्याची वार्ता पिंपांच्या खडखडाटाने गल्लीभर जाहीर होते, त्या सोलापुरातील सद्गृहस्थाने सहकुटुंब आफ्रिकेस जाऊन, झांबेझी नदी अडवून १९५९ साली पुऱ्या झालेल्या करिबा धरणाच्या जलाशयावर हाउसबोटीत बसून पाणघोडे, मगरी व काठावर आलेले हत्ती न्याहाळावेत, यातील दूरदृष्टी कोणाही विवेकी माणसाने वाखाणावी अशीच आहे. भीमेवर १९८० साली उजनी धरण पुरे करून सरकारने असाच जलाशय जिल्ह्यातच निर्माण केला असला, आणि रोहित पक्ष्यांचे थवे हिवाळ्यात तेथे विनामूल्य उतरत असले, तरी जे पाहण्यास पारपत्र लागत नाही त्यास प्रेक्षणीय कसे म्हणावे?

सबब आमची सविनय दरखास्त अशी की, सदरहू रोहित पक्ष्यांना हुकूम बजावून तूर्त करिबास रवाना करावे, म्हणजे ते सोलापूरकरांच्या दृष्टीस पडतील.

राहता राहिली उजनी. उन्हाळ्यात तेथील साठा सरकारी दप्तरी शून्याखाली जाऊन ‘वजा’ टक्क्यांत मोजला जातो. त्या वजा पाण्यावर वजा हाउसबोट सोडण्यास खर्च मुळीच नाही. वन्यजीवांची चिंताही नको. १९७९ पासून ज्याच्या नावे अभयारण्य राखले आहे, तो नान्नजचा माळढोक या योजनेस आवश्यक तितका अदृश्य होण्याचा सराव केव्हापासूनच करीत आहे.