प्रवाळ बुरशी शोधण्याची शास्त्रशुद्ध पद्धत

(सातारा-सांगलीच्या होतकरू संशोधकांसाठी)

पावसाळ्यात सह्याद्रीच्या ओल्या रानात पालापाचोळ्यातून पिवळे, केशरी, पांढरे आणि नशीब जोरावर असेल तर जांभळे कोंब वर येतात. अळंबीची छत्री यांना नसते. काहींच्या एकेकट्या काड्या, तर काहींना पोवळ्यासारख्या फांद्या. उंची जेमतेम बोटभर. या प्रवाळ बुरशी शोधण्याची रीत पुढीलप्रमाणे.

१. तालुका निवडा. दोन्ही जिल्ह्यांचा पाऊस पश्चिमेला पडतो आणि पूर्वेला त्याची नुसती चर्चा होते. महाबळेश्वर, जावळी, पाटण किंवा शिराळा यांपैकी एक धरावा. माण, आटपाडी किंवा जतला शोधायला बसलात, तर बसूनच राहाल.

२. मुहूर्त. जुलै ते सप्टेंबर. सप्टेंबरात सगळा महाराष्ट्र कास पठारावर फुलं बघायला लोटतो. लोटू द्यावा. पठाराच्या उतारावरच्या झाडीत त्या वेळी गर्दी फक्त जळवांची असते. मोज्यांना मीठ-तंबाखू चोळून जावे.

३. आसन. महाबळेश्वरला येणारा प्रत्येक जण पॉइंटवर उभा राहून धुकं बघतो. संशोधकाने दरीकडे पाठ करून उकिडवे बसावे. येणारे-जाणारे विचारतील, “काय हरवलं का हो?” “गाडीची चावी,” असे सांगावे. खरे कारण सांगितल्यास चौकशी लांबते.

४. ओळख. केशरी, वाकडातिकडा, बोटभर तुकडा दिसला की लगेच हर्ष करू नये. तो बहुधा कुरकुरे असतो. कुरकुरे पाचोळ्यावर पडलेला असतो. बुरशी पाचोळ्यातून उगवलेली असते. दुसरा तोतया कुजक्या लाकडावर भेटतो. तो पिवळाधमक, चिकट आणि रबरासारखा लवचिक असतो. ती कॅलोसेरा, वेगळ्याच कुळातली. मातीतली खरी प्रवाळ बुरशी क्लॅव्हेरिया मात्र ठिसूळ. नेमकी जात बीजाणू सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्याशिवाय सहसा ठरत नाही. म्हणून मोबाइलवरचा फोटो बघून लॅटिन नाव ठोकून देणाऱ्या मेव्हण्याला चहा द्यावा, मान्यता देऊ नये.

५. मदतनीस. या बुरशींवरचा गाजलेला ग्रंथ ई. जे. एच. कॉर्नर यांनी १९५० साली प्रसिद्ध केला. सिंगापूरच्या वनस्पती उद्यानात असताना याच गृहस्थांनी उंच झाडांवरचे नमुने काढायला माकडे शिकवून तयार केली होती. हा प्रयोग महाबळेश्वरी करू नये. तिथली माकडे नमुना आणणार नाहीत, हातातले कणीस मात्र नेतील.

६. नंतर काय? काही नाही. खाऊ नये; प्रवाळ बुरशींत पोट बिघडवणाऱ्या जाती आहेत आणि रंगावरून त्या ओळखता येत नाहीत. उपटूही नये. यांतल्या काही पाचोळा कुजवून माती करतात, तर काही झाडांच्या मुळांशी देवाणघेवाण करून जगतात. शिवाय कोयना अभयारण्य आणि चांदोली राष्ट्रीय उद्यान मिळून २०१० साली सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला आहे. तिथून परवानगीशिवाय काहीही उचलणे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे. पावसाळ्यात प्रवेश चालू आहे का, हेही वनखात्याला आधी विचारावे.

फोटो काढा, ठिकाण गुलदस्त्यात ठेवा आणि चौथ्या कलमातला कुरकुरे सापडलाच असेल, तर त्याच्या पाकिटासकट तेवढा जरूर उचलून आणा. त्याला कोणाची परवानगी लागत नाही.