लवंगेचा आधार

दातांच्या डॉक्टरकडे न जाण्याची कारणं शोधताना आपली प्रतिभा जेवढी फुलते, तेवढी एरवी कशातच नाही. आधी पितृपक्ष असतो, मग दिवाळी, मग लगीनसराई. चकली एकाच बाजूनं चावायची आणि घरच्यांना सांगायचं, ‘आता बरंच बरंय.’ मधूनमधून लवंगेच्या तेलाचा बोळा. लवंगेतलं युजेनॉल ठणका बधिर करतं, कीड मात्र आत निवांत कोरत बसते. मग एके दिवशी दुखणं आपोआप थांबतं. दातातली नस मेलेली असते आणि घरात आजीच्या बटव्याचा जयजयकार चाललेला असतो.

अमेरिकेत होरेस वेल्स या दंतवैद्यानं १८४४ साली हसवणारा वायू हुंगून स्वतःचा दात काढून घेतला. १९४३ मध्ये स्वीडनमध्ये लिडोकेन हे हिरडी बधिर करणारं औषध तयार झालं. तरी आमची भीती कायम. दुखण्याची नाही म्हणे, ‘त्या मशिनच्या आवाजाची’! (तंबाखूची पुडी फोडताना हा नाजूकपणा कुठं जातो, कोण जाणे.) शेवटी रात्री दोनला गाल टम्म फुगतो. सकाळी दवाखाना उघडायच्या आधीच पायरीवर येऊन बसलेला वीर, तोंड जेमतेम उघडत विचारतो, ‘डॉक्टर, नुसती गोळी नाही का चालणार?’