घडीवाले राऊंडसाहेब

आरमोरीत भर उन्हात एखाद्याच्या गळ्यात रेशमी स्कार्फ आणि चेहऱ्यावर नाइलाज दिसला, तर तो राऊंडसाहेबांच्या गल्लीतला समजावा. साहेब वनपाल, म्हणजे जंगलाच्या एका राऊंडचे अधिकारी, म्हणून निवृत्त झाले. निवृत्तीनंतर आमच्याकडे माणूस धानाची शेती बघतो, भजनी मंडळात बसतो, नाहीतर झाडीपट्टीच्या नाटकात म्हाताऱ्याचं काम मागायला वडसा गाठतो. साहेब मात्र शिबोरीला लागले.

जपानात नागोयातल्या अरिमात्सू भागात चारशे वर्षांपासून कापड बांधून, शिवून, दुमडून रंगवतात, तीच ही शिबोरी. त्यातला 'इताजिमे' हा प्रकार साहेबांच्या मनात भरला, कारण त्यात लाकूड लागतं. स्कार्फला आधी उलटसुलट चुण्या घालून लांब पट्टी करायची, मग पट्टीची समोशासारखी त्रिकोणी घडी. घडीच्या दोन्ही अंगांना सागाच्या फळ्या आणि वरून सुतळी करकचून. फळी दाबते तिथं रंग शिरत नाही, उघड्या कडा तेवढ्या पितात. फळ्या कुठून आणल्या असं कोणी सहज जरी विचारलं, तरी साहेब आत जाऊन डेपोची पावती घेऊन येतात.

कापड इथलंच. जंगलात ऐन-अर्जुनाच्या झाडांवर ढिवर लोक पाखरं हाकलत ज्या अळ्या राखतात, त्यांच्या कोशाचं, म्हणजे कोसा. जपानी फोटोत घडीची नक्षी पांढरीशुभ्र उठते. कोसा जन्मजात बदामी, त्यामुळे साहेबांची नक्षीही बदामी. "पांढरंच आहे जी हे," साहेब ठणकावतात, "आपल्या जिल्ह्याचं पांढरं."

प्रत्येक स्कार्फची रजिस्टरात नोंद होते: क्रमांक, लांबी-रुंदी, घडीचा प्रकार, रंगाचं मूळ. 'पळसफुले, फाल्गुन, तुरटीसह.' सुतळी सैल राहून रंग भलतीकडे पसरला, तर शेऱ्याच्या रकान्यात 'नैसर्गिक पुनरुत्पादन' असं लिहून प्रकरण बंद. छत्तीस वर्षांच्या नोकरीत जंगलात आपोआप उगवलेलं सगळं त्यांनी याच शब्दांत जमेला धरलं होतं.

पळसाचा पिवळा दिसायला देखणा, टिकायला कच्चा. मे महिन्यात शेजारच्या मास्तरीणबाईंनी तसाच पिवळा स्कार्फ तोंडाला बांधून स्कूटी काढली. शाळेत पोचेपर्यंत घामानं दोन्ही गाल पिवळे. "कोणाची हळद होती जी, बाई?" शिपायानं विचारलं. साहेबांपर्यंत तक्रार गेली. त्यांनी ती शांतपणे ऐकून घेतली आणि बाईंना दुसरा स्कार्फ दिला. त्यांच्याकडे तक्रारीला स्कार्फ, कौतुकालाही स्कार्फ. गप्प बसणाऱ्याला मात्र आधी घडी समजावून सांगतात, मग स्कार्फ देतात.

पिवळ्यावर टीका झाली म्हणून साहेब काळ्याकडे वळले. काळ्यासाठी गंजके खिळे आणि गूळ पाण्यात घालून मडकं झाकून ठेवावं लागतं. पडवीत मडकं, मडक्यात गूळ, वरून फेस आणि आंबूस वास. १९९३ पासून दारूबंदी असलेल्या जिल्ह्यात एवढा पुरावा पुष्कळ झाला. हवालदार आले, मडक्यावर वाकले आणि म्हणाले, "साहेब, तुम्हीबी?"

"मोहाचा सडवा नाही जी, लोहपाणी आहे," म्हणत साहेबांनी दोरीवरचा हिरड्याच्या काढ्यात भिजवून वाळवलेला स्कार्फ ओढला आणि मडक्यात बुडवला. फिकट पिवळसर कापड बघता बघता काळं पडलं. हवालदार दोन पावलं मागे सरले. मग तासभर त्यांना हिरड्यातलं टॅनिन आणि खिळ्यातलं लोखंड एकमेकांना कसं धरतं ते ऐकावं लागलं, वर दोन फळ्याही धरून बसावं लागलं. निघताना गळ्यात तोच स्कार्फ. रजिस्टरात नोंद झाली : 'पोलीस विभागास हस्तांतरित.'

तेव्हापासून रात्रीची गस्त पलीकडच्या रस्त्यानं जाते. साहेबांची गल्ली टाळतात. गल्लीच्या टोकाला खरोखरच मोहाची गाळणारा एक जण राहतो. साहेबांच्या कलेचं मनापासून कौतुक करणारा गावात तो एकटाच, आणि त्याच्याकडे आता नऊ स्कार्फ झालेत.