कर्णधाराचे कर्णधार

ऑस्ट्रेलियाच्या पूर्व किनाऱ्यावर, विशेषतः सिडनी आणि ब्रिस्बेन या दोन शहरांत, रग्बी लीग या खेळाच्या आश्रयाने जे नाना प्रकारचे मनुष्यविशेष वाढीस लागले, त्यांत कर्णधाराच्या खेळापेक्षा त्याच्या सहनशक्तीचे परीक्षण करणारा चाहता हा सर्वांत चिवट आणि अभ्यासकांनी सर्वांत उपेक्षिलेला विशेष होय. संघ किती गुणांनी हरला हे त्यालाही ठाऊक असते. परंतु मैदानावरील ऐंशी मिनिटांपेक्षा त्यानंतरच्या दहा मिनिटांत कर्णधार पत्रकारांसमोर कसा बसला, कोणत्या प्रश्नाला त्याची भुवई उडाली आणि पाण्याची बाटली त्याने कितव्या वेळी उचलली, यांविषयी त्याची मते अधिक ठाम असतात. प्रस्तुत विवेचनात या चाहत्याला सोयीसाठी ‘पारखी’ म्हटले आहे.

रग्बी लीग म्हणजे तेरा-तेरा खेळाडूंच्या दोन संघांनी लंबगोल चेंडू छातीशी धरून एकमेकांवर आदळत खेळण्याचा खेळ असून, १८९५ मध्ये उत्तर इंग्लंडमधील क्लबांनी हडर्सफील्ड येथे जमून मूळ रग्बी संघटनेशी काडीमोड घेतला, तेव्हा त्याची स्थापना झाली. खेळासाठी कामावर खाडा करावा लागणाऱ्या गिरणी आणि खाणकामगारांना बुडालेल्या मजुरीची भरपाई मिळावी, हा त्या भांडणाचा विषय होता. सिडनीत या खेळाची नियमित स्पर्धा १९०८ पासून सुरू झाली, आणि आजच्या राष्ट्रीय स्पर्धेतील सतरा क्लबांपैकी निम्म्याहून अधिक क्लब सिडनी परिसरातलेच आहेत. ज्या खेळाचा पायाच गाऱ्हाण्यावर घातला गेला, त्याच्या चाहत्यांनी गाऱ्हाणे करणे हा आपला वडिलोपार्जित हक्क मानला, तर त्यात इतिहासाशी विसंगत असे काही नाही.

या खेळात पंचांशी बोलण्याचा मान कर्णधाराला असतो, आणि सामना संपल्यावर प्रायोजकांच्या बोधचिन्हांनी भरलेल्या फलकापुढे, प्रशिक्षकाच्या शेजारी बसून उत्तरे देण्याची शिक्षाही त्यालाच भोगावी लागते. अशा वेळी पिढ्यानपिढ्यांच्या वापराने गुळगुळीत झालेली काही वाक्ये त्याच्या मदतीला धावून येतात: मुलांनी जीव तोडून प्रयत्न केले, आता लक्ष फक्त पुढच्या सामन्यावर, आणि आमचे ‘कम्प्लीशन’ कमी पडले. चेंडू हाती असलेल्या संघाला प्रतिस्पर्ध्यांकडून सहा वेळा अडवले जाईपर्यंत पुढे सरकण्याची मुभा असते. या सहा झटापटींच्या मालिकेला ‘सेट’ म्हणतात, आणि मध्येच चेंडू न गमावता असे किती सेट तडीस गेले याच्या प्रमाणाला कम्प्लीशन असे नाव आहे. हा शब्द कानी पडताच पारखी जांभई देतो आणि कर्णधार पाठांतर म्हणून दाखवतो, मनातले काही बोलत नाही, असा ठपका ठेवतो. मात्र एखाद्या रात्री कर्णधार खरोखरच मनातले बोलून गेला, तर दुसऱ्या दिवशी सकाळी जबाबदारीच्या पदावरील माणसाने जिभेला लगाम घालावा, असे बजावणारा पहिला आवाज त्याचाच असतो. टीकेला उत्तर देणारा कर्णधार त्याच्या लेखी हळवा ठरतो, न देणारा उद्दाम, हसून देणारा उथळ, आणि गंभीरपणे देणारा निवृत्तीला आलेला. धरले तर चावते आणि सोडले तर पळते, अशा या अवस्थेतून कर्णधाराने सुटावे तरी कसे, असे विचारले असता पारखी ‘जिंकून’ असे एका शब्दात उत्तर देतो. आणि हे उत्तर वाटते तितके उथळ नाही, हे पुढे दिसून येईल.

बोलक्या कर्णधाराचे शास्त्रशुद्ध उदाहरण म्हणून सिडनीतील क्रोनुला शार्क्स या क्लबाच्या पॉल गॅलनकडे बोट दाखवता येते. मनात आले ते बोलणे हा त्याचा स्वभाव होता आणि त्याची किंमतही ठरलेली होती: २०१४ च्या अखेरीस खेळाच्या मुख्यालयाविषयी त्याने समाजमाध्यमावर जे अपशब्द लिहिले, त्यांबद्दल त्याला पन्नास हजार डॉलरचा दंड झाला. त्याच वर्षी त्याच्या नेतृत्वाखाली न्यू साउथ वेल्सने ‘स्टेट ऑफ ओरिजिन’ ही मालिका जिंकून सलग आठ वर्षांची पराभवाची साखळी तोडली होती. ओरिजिन म्हणजे न्यू साउथ वेल्स आणि क्वीन्सलंड या दोन राज्यांतील तीन सामन्यांची वार्षिक लढत. १९८० पासून चालत आलेल्या या लढतीत खेळाडू सध्या कोणत्या क्लबाकडे आहे हे न पाहता त्याची जडणघडण कोणत्या राज्यात झाली हे पाहिले जाते. क्वीन्सलंडच्या प्रेक्षकांनी गॅलनची हुर्यो उडवली की सिडनीचा पारखी त्याला सिंहाच्या काळजाचा म्हणत असे, आणि रविवारी तोच गॅलन क्रोनुलाचा गणवेश घालून आपल्या क्लबाविरुद्ध उतरला की त्याच काळजाला उर्मटपणा म्हणत असे. गॅलन पुढे दूरचित्रवाणीवर समीक्षक म्हणून बसू लागला आणि आता तोच इतर कर्णधारांच्या वागणुकीचे गुणदोष सांगतो, याचे पारख्याला किंचितही आश्चर्य वाटत नाही. पारखी होण्याची संधी मिळेपर्यंतच माणूस कर्णधार राहतो, अशी त्याची धारणा असावी.

तथापि या मनुष्यविशेषाचे अस्सल पीक पाहायचे असेल, तर सिडनीच्या उत्तरेकडील समुद्रकाठच्या मॅनली या क्लबाकडे वळणे भाग आहे. १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात वेस्टर्न सबर्ब्स या क्लबाचे प्रशिक्षक रॉय मास्टर्स यांनी मॅनलीकरांना ‘सिल्व्हरटेल’, म्हणजे गर्भश्रीमंत, अशी पदवी देऊन आपल्या खेळाडूंना ‘फायब्रो’ म्हटले. फायब्रो म्हणजे ज्या स्वस्त सिमेंटी पत्र्यांनी पश्चिम सिडनीतील कामगारांची घरे उभी राहिली ते पत्रे. प्रतिस्पर्ध्यांचा द्वेष तेव्हापासून मॅनलीच्या पाचवीला पुजला आहे, आणि सगळे जग आपल्या वाईटावर टपले आहे ही जाणीव तिथल्या पारख्याच्या अंगी इतकी मुरली आहे की, एखादा आठवडा निंदेवाचून गेला तर वृत्तपत्रांनी कट करून आपली उपेक्षा चालवली आहे, असा त्याला संशय येतो. घरच्या सुनेला सासूने बोलावे, शेजारणीने नव्हे, या न्यायाने कर्णधाराची निंदा करण्याचा अनन्य अधिकार तो स्वतःकडे राखून ठेवतो. मॅनलीच्या ब्रुकव्हेल येथील मैदानातील गवताळ उतारावर उभे राहून ‘याला काढा’ असे ओरडणारा पारखी, तीच मागणी दुसऱ्या दिवशी वृत्तपत्रात वाचली की संपादकाच्या हेतूंविषयी शंका घेतो. वादाचा विषय वरकरणी कर्णधाराचे वर्तन असा असला, तरी आतला तंटा असतो तो टीकेच्या मालकीहक्काचा.

मॅनलीच्या डेली चेरी-इव्हान्स या खेळाडूने, पुढे कर्णधाराने, या तंट्याला दहा वर्षांहून अधिक काळ काम पुरवले. २०११ मध्ये पदार्पणाच्याच हंगामात अजिंक्यपद मिळवणाऱ्या संघात तो होता, आणि पुढे मॅनलीकडून सर्वाधिक सामने खेळण्याचा विक्रमही त्याच्या नावावर जमा झाला. तो बोलतो ते शांतपणे, पूर्ण वाक्यांत आणि समोरच्याचा मान राखून. एवढे गुण एका माणसात असणे पारख्याला संशयास्पद वाटल्यास नवल नाही. २०१५ मध्ये त्याने क्वीन्सलंडमधील गोल्ड कोस्ट टायटन्सकडे जाण्याचे ठरवले, आणि त्या काळच्या नियमानुसार तेराव्या फेरीपर्यंत असा निर्णय फिरवता येत असल्याने, थोड्याच महिन्यांत तो फिरवून दीर्घ मुदतीच्या करारावर मॅनलीतच राहिला. कायदा पूर्णपणे त्याच्या बाजूने होता, म्हणजे सहानुभूती मिळण्याचा मार्ग बंद होता. क्वीन्सलंडकरांनी त्याला दगाबाज ठरवले आणि मॅनलीकरांनी निष्ठेचा पुतळा. जाण्याचा निर्णय घेणारा आणि तो फिरवणारा माणूस एकच असल्याने, दोन्ही पक्षांनी अर्धाच माणूस पाहिला असे म्हणणे अधिक अचूक होईल. त्याने स्वतः या गदारोळात फारसा आवाज चढवला नाही, आणि पुढील काही वर्षे हा संयम शालीनतेचा आहे की थंड रक्ताचा, यावर दोन्ही राज्यांतल्या पारख्यांनी भरपूर बिअर खर्ची घातली.

२०१९ मध्ये तोच क्वीन्सलंडचा कर्णधार झाला. पुढल्या वर्षी महामारीमुळे ओरिजिन नोव्हेंबरपर्यंत लांबली, अनेक खेळाडू जायबंदी होते, आणि क्वीन्सलंडचा हा आजवरचा सर्वांत सुमार संघ होय, असे मत सिडनीकडून छापून आले. मालिका सुरू असेपर्यंत कर्णधाराने या मताला हात लावला नाही. ब्रिस्बेनमधील निर्णायक सामना क्वीन्सलंडने २०-१४ असा जिंकल्यावर, विजेत्यांची ढाल हाती घेऊन केलेल्या भाषणात त्याने त्या सुमार संघाचा अगदी आवर्जून उल्लेख केला, आणि पाच वर्षांपूर्वी त्याच्या नावाने बोटे मोडणारे मैदान त्याच्यासाठी गर्जून उठले. सिडनीच्या पारख्याने मात्र, विजेत्याने मनात डूख धरू नये, असा अभिप्राय दिला. जिंकून दिलेले उत्तर सर्वोत्तम, हा सिद्धांत त्याचाच होता. जिंकणारा संघ कोणता असावा हे त्याने तेव्हा स्पष्ट केले नव्हते, इतकेच.

२०२२ च्या जुलैमध्ये प्रसंग वेगळ्या जातीचा आला. समलिंगी आणि अन्य अल्पसंख्य लैंगिकतेच्या लोकांप्रति आपुलकी दाखवण्यासाठी मॅनलीने इंद्रधनुषी पट्ट्यांचा गणवेश काढला, आणि सात खेळाडूंनी धार्मिक व सांस्कृतिक कारणांनी तो घालण्यास नकार दिला. हा घोळ घालणारे अधिकारी त्या दिवशी दिसले नाहीत. कॅमेऱ्यांसमोर प्रशिक्षक डेस हॅसलर आणि चेरी-इव्हान्स हे दोघे बसले, आणि क्लबाने पुरेशी चर्चा न केल्याबद्दल हॅसलर यांनी क्षमा मागितली. कर्णधारपदाचे याहून अवघड काम कल्पिणे कठीण आहे, कारण गणवेशामागची भावना आणि नकार देणाऱ्या सहकाऱ्यांची श्रद्धा, या दोहोंना सांभाळून बोलायचे होते आणि चूक तर दोहोंपैकी एकाचीही नव्हती. पारख्याच्या दफ्तरात मात्र या दिवसाची नोंद जवळजवळ सापडत नाही. टीका करण्यासारखे काही हाती लागले नाही की त्याची स्मरणशक्ती क्षीण होते.

ती २०२५ मध्ये एका झटक्यात परत आली. हंगाम नुकता सुरू झालेला असताना चेरी-इव्हान्सने दूरचित्रवाणीवर, वर्षअखेरीस आपण मॅनली सोडणार असल्याचे, नेहमीच्याच शांतपणे सांगितले. पुढे तो रूस्टर्सकडे, म्हणजे सिडनीतल्याच दुसऱ्या धनाढ्य क्लबाकडे, गेला. त्याच वर्षी ओरिजिनचा पहिला सामना गमावल्यावर क्वीन्सलंडने त्याला वगळून कॅमेरॉन मन्स्टरकडे नेतृत्व दिले, आणि उरलेले दोन्ही सामने जिंकून मालिका खिशात घातली. मॅनलीच्या पारख्याला आपल्या संपूर्ण संग्रहाची फेरवर्गवारी करावी लागली ती या सुमारास. ज्या मोजक्या बोलण्याला तो दहा वर्षे भारदस्तपणा म्हणत आला होता तो कावेबाजपणा निघाला, २०१५ ची निष्ठा हा निव्वळ हिशेब ठरला, आणि त्याचा आवाज कधी चढत नसे यातच खरे तर सगळे आले होते, हे आपल्याला पहिल्यापासून दिसत होते, असे त्याने जाहीर केले. त्याच आठवड्यात रूस्टर्सच्या गोटातील पारख्यांना याच माणसाच्या ठायी दुर्मीळ परिपक्वता आढळू लागली. माणूस तोच, चेहरा तोच, वाक्येही तीच. बदलणार होता तो केवळ गणवेश, आणि तोही अद्याप बदलला नव्हता.

हे संशोधन प्रामुख्याने ‘लीग्ज क्लब’ या संस्थेत चालते. लीग्ज क्लब म्हणजे खेळाच्या क्लबाशी जोडलेले सभासदांचे विश्रांतिगृह. तिथे स्वस्त जेवण आणि थंड बिअर मिळते, मांसाच्या तुकड्यांची सोडत निघते, आणि ‘पोकी’ नावाच्या जुगारयंत्रांत सभासद जे पैसे हरतात, त्यांतून खेळाला हातभार लागतो. या व्यवस्थेमुळे कर्णधाराच्या पगारात आपला प्रत्यक्ष वाटा आहे, असे पारखी मानतो, आणि यंत्रापुढे हरलेल्या रात्री त्याची टीका अधिक धारदार होते, ती मालकाच्या अधिकाराने होत असल्यामुळे. तिथे समाधान न झाल्यास तो रेडिओवरच्या अशा कार्यक्रमांना फोन करतो, ज्यांत श्रोत्यांचे म्हणणे थेट प्रक्षेपित होते.

पारख्याने अलीकडे मांडलेली एक सुधारणा या कार्यक्रमांत बरीच गाजण्याजोगी आहे. २०२० पासून ‘कॅप्टन्स चॅलेंज’ नावाचा नियम लागू असून, त्यानुसार पंचांचा निर्णय चुकीचा वाटल्यास कर्णधाराला दहा सेकंदांच्या आत तो चित्रफितीवर तपासून घेण्याची मागणी करता येते, आणि मागणी फोल ठरली तर त्या सामन्यापुरता हा हक्क संपतो. पत्रकारांच्या प्रश्नांनाही हाच नियम लावावा, म्हणजे कर्णधाराने हात वर करावा, प्रश्न खरा की खोडसाळ याची तपासणी व्हावी, आणि खोडसाळ ठरलेल्या पत्रकाराला दहा मिनिटे बाहेर बसवावे, असे त्याचे म्हणणे आहे. कार्यक्रमाचा सूत्रधार या कल्पनेचे तोंडभरून कौतुक करतो, आणि तपासणी कोणी करायची एवढेच विचारतो. त्यासाठी एखादा जाणता, निःपक्षपाती माणूस नेमावा, असे पारखी सुचवतो, आणि शनिवार-रविवारी आपण मोकळेच असतो, ही माहितीही जाता जाता पुरवतो. तोवर पुढच्या फोनवर सिडनीतल्याच पॅरामॅटाचा एक श्रोता ताटकळत असतो, आणि आधीच्या माणसाला टीका अजिबात झेपत नाही, या मुद्द्यापासून तो सुरुवात करतो.