आधी चूल, मग भाकरी

नेटबीएसडी या ऑपरेटिंग सिस्टिमची पीकेजीसोर्स ही पॅकेज-व्यवस्था १९९७ मध्ये फ्रीबीएसडीच्या पोर्ट्समधून निघाली. ती लिनक्स, मॅकओएस, सोलारिस अशा परक्या घरीही नांदते. मात्र तिथली सगळीच भांडीकुंडी तिला चालत नाहीत. त्यामुळे गृहप्रवेशाचा विधी, म्हणजे बूटस्ट्रॅप, आधी उरकावा लागतो.

लिनक्सवर बांधणीचा ‘मेक’ बहुधा असतोच, पण तो ग्नूचा. पीकेजीसोर्सला हवा बीएसडीचा. म्हणून बूटस्ट्रॅपची स्क्रिप्ट स्वतःचा ‘बीमेक’ बांधते, पॅकेज बसवण्या-काढण्याची हत्यारे घडवते आणि ‘एमके.कॉन्फ’ ही सेटिंगची फाइल लिहिते. या सगळ्यासाठी सी कंपायलर मात्र यजमानाचाच लागतो. स्वावलंबनाची सुरुवात उसनवारीनेच होते.

संसार बहुधा मांडला जातो ‘यूएसआर’खालच्या ‘पीकेजी’ या वेगळ्या फोल्डरात. रूटचा अधिकार नसेल, तर ‘अनप्रिव्हिलेज्ड’ हा पर्याय देऊन स्वतःच्या होम फोल्डरात बिऱ्हाड थाटता येते. मधेच गाडी अडली, तर मागे राहिलेले ‘वर्क’ फोल्डर हटवल्याशिवाय स्क्रिप्ट पुन्हा हलत नाही. खरकटे काढल्याशिवाय दुसरी पंगत नाही.

मग ‘बीमेक इन्स्टॉल’. मागितलेला असतो एखादा चिमुकला एडिटर. त्याला लागते लायब्ररी, लायब्ररीला लागते बांधणीचे आणखी एक हत्यार, त्या हत्याराला पर्ल. प्रत्येकाचा सोर्स उतरतो, चेकसम तपासला जातो, पडद्यावर कंपायलरच्या ओळी धावतात. बऱ्याच सिस्टिमसाठी तयार बायनरी पॅकेजेही मिळतात. पण ती घेतली, तर लॅपटॉपचा पंखा घोंघावणार कसा?