सशाचे अण्णा

बरकतपुऱ्यात त्यांना 'सशाचे अण्णा' म्हणतात. उभी हयात दक्षिण मध्य रेल्वेच्या लेखा विभागात गेली, पण 'रेल्वेचे अण्णा' कुणी म्हटलं नाही.

ससा नातवानं आणला, चारमिनारजवळच्या मुर्गी चौकातून. जात लायनहेड, मूळची बेल्जियमची. मानेभोवती आयाळ, गालांवर कल्ले, झुलपं थेट डोळ्यांत. नातवाचा उत्साह आठवडाभरात आटला आणि ससा अण्णांच्या अखत्यारीत आला. निवृत्तीनंतर घरात हाताखाली राहायला कुणी तयार नव्हतं. हा एकच असा, की उलट बोलत नव्हता.

रोज सकाळी सातला तपासणी. मांडीवर टॉवेल, टॉवेलवर ससा. आयाळ फणीनं विंचरायची. गुंता लागला तर ओढायचा नाही, बोटांनी सोडवायचा, कारण सशाची कातडी पातळ, पटकन फाटते. डोळ्यांत येणारी झुलपं बोथट टोकाच्या कात्रीनं कापायची, चिपडं ओल्या कापसानं पुसायची. आंघोळ मात्र कधीच नाही, घाबरून जिवावर बेततं. आलेल्या पाहुण्याला चहाच्या आधी हे सगळं ऐकावं लागतं. वर पुरवणी : मांजर पोटातले केस ओकून टाकतं, सशाला ओकताच येत नाही. अंग चाटताना केस पोटात साठले, आतडं मंदावलं, की खाणं बंद. मग थेट डॉक्टर! पाहुणा बिस्किट खाली ठेवतो.

अण्णांची दाढी करायला घरी न्हावी येतो. त्यानं एकदा सशाकडे पाहून सहज विचारलं, "साब, इसकी मूछां बी बराबर कर दूं?"

अर्ध्या गालावर फेस तसाच ठेवून अण्णा उठले आणि सशाला पोटाशी धरलं. "मिशांना हात नाही लावायचा! त्याला अगदी नाकापुढचं दिसत नाही. अंधारात, अडचणीच्या जागी मिशांनीच अंदाज घेतो तो."

आतून काकू म्हणाल्या, "हौ, नाकापुढचं न दिसणारे घरात दोघं आहेत. दुसऱ्याला तर मिशाही नाहीत."

मे महिन्यात पारा चाळिशीपार गेला की कूलरचं तोंड सशाकडे वळतं. बर्फ केलेली पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून त्याच्या कुशीला ठेवतात. काकू पुठ्ठ्यानं वारा घेतात.

यंदा ऐन उन्हाळ्यात नांदेडला पुतणीचं लग्न निघालं. अण्णांनी मान हलवली : केस गळायचे दिवस आहेत, विंचरण्यात खंड पडून चालणार नाही. नोकरीत असताना मार्चअखेरीस कुणालाही रजा न देणारा हा माणूस! काकूंनी एकटीनं काचीगुड्याहून गाडी धरली. मांडवात जो तो विचारी, "अण्णा का नाही आले?"

काकूंचं उत्तर ठरलेलं होतं, "साहेबांनी रजा नाकारली."