एक प्लेट, सुकट वगळून

भाची व्हीगन झाली तेव्हा आमच्या रत्नागिरीच्या घरात तुपाच्या बरणीवरून दोन दिवाळ्या धुसफूस चालली होती. तिला घेऊन यांगूनला गेलो, तर तिथं सगळं उलटंच. बर्मी स्वयंपाकाला तुपाचं वेड नाही. दूध दिसतं ते मुख्यतः चहात, तेही डब्यातलं घट्ट, गोड. भाचीला माहेरी आल्यासारखं झालं.

फक्त त्या माहेराला मासळीचा वास होता. महाबंदुला रस्त्याजवळच्या २६व्या गल्लीतल्या बाजारात आम्ही सकाळीच शिरलो. मोहिंगा म्हणजे शेवयांवर ओतलेला माशाचा रस्सा, तो बादच. चहाच्या आंबवलेल्या पानांचं लाफेत थोक तिनं मोठ्या आशेनं मागवलं. तळलेल्या डाळी, तीळ, शेंगदाणे, लसूण असं सगळं सोज्वळ पडत गेलं आणि शेवटी बाईनं वरून सुकटीचा भुगा भुरभुरला, आपण कोथिंबीर भुरभुरतो तसा. शिवाय जिथंतिथं ङापी, म्हणजे आंबवलेल्या मासळीचा लगदा. (ङ हे अक्षर पहिलीनंतर मी आज प्रथमच वापरतो आहे. ते कशासाठी शिकवलं होतं, हे यांगूनला कळलं.)

इंग्रजांनी ब्रह्मदेशाच्या थिबा राजाला १८८६ साली आमच्या गावी आणून ठेवलं आणि १९१६ साली तो तिथंच वारला. या तीस वर्षांत ङापीची तहान त्यानं आमच्या सुकटीवर भागवली असावी, असा माझा अंदाज आहे. भाचीला मात्र एक सकाळ निघेना.

हॉटेलातल्या पोरानं आम्हाला एक शब्द पढवला होता: थेत-थत-लू. जीव मारण्यापासून मुक्त, असा त्याचा अर्थ. उच्चार आमचाच, त्यामुळे तीन गाड्यांवर नुसतं हसू मिळालं. चौथ्या गाडीवरच्या मावशींना तो कळला. त्यांनी पिवळ्याधमक लादीचे काप केले, चिंचेचं पाणी, शेंगदाण्याचं कूट आणि तळलेला लसूण घालून हातानं कालवले. हे तोहू थोक. शान लोकांचं हे टोफू सोयाबीनचं नसतं, हरभऱ्याच्या पिठाचं असतं. थोडक्यात, घट्ट जमलेलं पिठलं. घरी पिठलं दिसलं की नाक मुरडणाऱ्या भाचीनं त्याचे अकरा फोटो काढले.

मावशी काहीतरी विचारत होत्या. शेजारच्या डाळवाल्या चाचांनी हिंदीत उलगडा केला, "पूछती है, कितने दिन का व्रत है?"

"हमेशा का," भाची म्हणाली.

चाचांनी ते बर्मीत सांगितलं. मावशींचा हात थांबला. भाचीनं नुकतेच केस बारीक कापून घेतले होते. मावशींनी त्या डोक्याकडे नीट पाहिलं, मग गुलाबी चीवरातल्या भिक्षुणींचा एक घोळका समोरून जात होता तिकडे पाहिलं आणि हात जोडले. भाचीच्या प्लेटमध्ये आणखी चार काप आले, दुधीची गरम भजी आली, आणि पैसे घ्यायला त्या काही केल्या तयार होईनात.

माझ्या प्लेटचे घेतले. त्यावर सुकटही त्यांनी न विचारताच भुरभुरली होती.